सातव्या दिवसाची रेघ

वडगावात आमचा माग होता तेव्हा
मी डोळे मिटून तुटलेला धागा सांधायचो.
थुंकी, चिमूट, पीळ. झालं.
आता कॉलेजच्या तळमजल्यावर उंदीर सांभाळतो,
पांढरे, तांबड्या डोळ्यांचे,
शेपटीवर शाईचा नंबर.
सकाळी वजन, शनिवारी भुसा बदलायचा.

हंचिनमनी मॅडम दुर्बिणीखाली जो दोरा वापरतात
तो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही.
एकदा टेबलावरून पडला
तर आम्ही दोघं फरशीवर ओणवे, अर्धा तास,
शेवटी मॅडम कानडीत हसल्या.
मी म्हटलं, याचं लुगडं विणायला
तीन पिढ्या लागतील.
त्यांना मराठी कळतं, जुजबी. मला कानडी, पोटापुरती.
उरलेलं बोटांनी दाखवतो.

प्रयोग असा:
पाठीवर तीन बाय दहाचा कातडीचा पट्टा,
तीन बाजूंनी कापून उचलायचा, चौथी राखायची,
आणि पुन्हा जागच्या जागी शिवायचा.
राखलेल्या बाजूनं रक्त निघतं,
टोकापर्यंत पोचेलच असं नाही.
निम्म्या उंदरांच्या दोनच कडा
आठवडाभर आधी कापून ठेवतो.
कातडीला सवय लावायची, मॅडम म्हणतात,
थोड्यात भागवायची.
मागाच्या शेवटच्या वर्षी आम्हालाही लागली होती.
पण ते कानडीत कसं सांगायचं.

सातव्या दिवशी बटर पेपर ठेवून
काळ्याच्या नि गुलाबीच्या मधली रेघ
मी पेन्सिलीनं उतरवतो.
पहिल्या दिवशी ती नसतेच.
तिसऱ्या दिवशी सगळं निळसर,
कुठंही पडेल असं वाटतं.
तेव्हा काढली तर खोटी निघते.
सातव्याला मांसच सांगतं, इथवर.
मग चौकोन मोजायचे.

रेघेपायी या गावात माणसांची उमर गेली,
पाट्या पुसल्या, पाट्या रंगवल्या,
थोरल्या चुलत्याच्या डोक्यात लाठीची खोक होती.
कुणीच न ओढलेली रेघ
मी इथं पहिल्यांदा पाहिली.

मोजून झालं की त्यांना झोपवायचं.
तेही काम माझंच.
चौदा नंबर बाहीत शिरून बसायचा.
त्याचा पट्टा जवळजवळ अख्खा जगला.
तरी.

मग येळ्ळूरचा मोनाप्पा आला,
उद्यमबागेत पट्ट्यात हात गेलेला,
पंजाची पाठ सोलून निघालेली.
मांडीची कातडी मनगटापुढं आणून लावली,
शीर शिरेला, आठ तास.
दर तासाला बघायचं: रंग, ऊब,
बोटानं दाबून सोडलं की लाली कधी परतते.
पहाटे तीनला मॅडमनी मला वर बोलावलं.
उंदीरवाल्याला. वॉर्डात.
‘भरमाण्णा, नोड्री.’
मी पाहिलं. तिसऱ्या दिवसाचा निळा
पहिल्याच रात्री आलेला.
मी मान हलवली. त्यांना तेवढंच हवं होतं बहुतेक,
स्वतःचे डोळे खरे आहेत एवढं कळायला.
स्ट्रेचर धावलं. शिरेत गाठ होती,
काढली, पुन्हा शिवली.

सातव्या दिवशी मी आपण होऊन गेलो.
मोनाप्पाची आई हाताला फुंकर घालत बसली होती,
कढत चहाला घालावी तशी.
मला विचारलं, मांडीचं कातडं,
तर याच्यावर मांडीचे केस येणार काय?
येतील, म्हटलं. लग्नात फुल्ल बाह्या घाला.
मॅडम मागून म्हणाल्या, बदुकैती.
म्हातारीनं मला विचारलं नाही म्हणजे काय म्हणून.

खिशात बटर पेपर होता, सवयीनं घेतलेला.
कोराच राहिला.
जिना उतरलो.
चौदा नंबरचा पिंजरा अजून धुतला नव्हता.