धक्का

व्हेन्लोच्या फाटकावर माझी वही आहे,
चौदा हिवाळे झाले.
कुठला ट्रक किती वाजता आला, किती वाजता सुटला.
मधल्या वेळाचं काय झालं,
हा रकाना वहीत नव्हताच.

मधल्या वेळात तालायबेक कांदा चिरायचा.
ट्रेलरच्या पोटाखालची लोखंडी पेटी उघडली की
तिचं आडवं झाकण म्हणजे त्याचा ओटा.
गॅसची निळी ज्योत, मटणाचे चार तुकडे,
आणि पाठीमागे स्पेनहून आणलेल्या ढोबळ्या मिरच्यांसाठी
गारव्याचं यंत्र डिझेल पीत गुरगुरत.
तीन तास. कधी पाच.
थांबण्याचं भाडं कुणी भरायचं
यावर दोन कंपन्या भांडायच्या,
दोघींचंही डिझेल जळतच राहायचं.

मग युट्रेख्तहून फ्लूर आली.
पायात नवेकोरे पोलादी टोकाचे बूट, हातात घड्याळ.
आठवडाभर उघड्यावर उभी राहिली, हे मान्य करायला हवं.
विलला एक ट्रेलर शोधायला
सरासरी बावीस मिनिटं यार्डात हिंडावं लागतं,
हे तिने मोजलं.
"तेरा मीटरचा ट्रेलर हरवतो कसा?"
विल म्हणाला, "पांढऱ्यात पांढरं, बाई."

उपाय निघाला तो पिवळ्या रंगाच्या डब्यातून.
विलने गुडघ्यांवर बसून जमिनीवर आकडे घातले,
फ्लूरने वेळा वाटल्या: दहा चाळीसला तू, अकरा वीसला तू.
रिकामे पार कुंपणाशी,
नासणारे धक्क्याच्या तोंडाशी.
आणि सतरा नंबरच्या धक्क्याची ती लोखंडी जीभ,
बाहेर यायला नको म्हणणारी,
जिला येणारा-जाणारा लाथ घालायचा,
ती अडली होती एका बोल्टपायी.
एकोणीस युरो.
मला हसू आलं, मग लाज वाटली.
चौदा वर्षं त्या लाथा मी इथे बसून ऐकल्या होत्या.

आता अडतीस मिनिटं.
ट्रेलर मागे येतो, काळ्या रबराला टेकतो,
धप्प.
तेवढाच काय तो धक्का.

तालायबेक परवा आला. पेटीचं झाकण बंद.
"मालक खूश," म्हणाला, "महिन्यात एक फेरी जास्त."
"आणि पैसे?"
त्याने हात हलवला,
त्यात हो नव्हतं, नाहीही नव्हतं.
मग आठवल्यासारखं करून
खिडकीतून एक डबा खाली दिला,
काल रात्री बेल्जियमात, हमरस्त्याच्या कडेला शिजवलेलं.
गार पडलं होतं.
मी ते हीटरवर ठेवलं, दोन चमचे काढले.
तोवर फलकावर सतरा लागला होता
आणि तो आत गेलाही होता.
बाहेर पडताना हॉर्न वाजवला, थांबला नाही.
मागे अकरा वीसवाला उभा होता.

वहीत लिहिलं:
आला १०.४०, सुटला ११.१८.
समासात, जिथे कुणी तपासत नाही तिथे:
कांदा जरा जास्त. मीठ बरोबर.
डबा द्यायचा राहिला.