काखेतली कळी

एसिखात ऑगस्टमध्ये कात्रीसुद्धा तापते.
मी ती पाण्यात बुडवून घेते, पुसते, मग कापते.
बावन्न वर्षं दोन जाकिटं शिवते आहे,
एकाच ताग्यातून, एकाच दिवशी:
कासिमिरोचं आणि गास्पारचं.
भाऊ नव्हेत. लोक समजतात, मी समजू देते.

आधी नुसत्या कॉलरी मळायच्या.
लग्नं, जत्रा, मानधनात एकदा बकरी.
मग ते एक गाणं आलं
आणि जाकिटं काखेत उसवायला लागली.

त्या नाचात दोन्ही हात वर जातात ना,
उंच फांदी खाली ओढावी तसे,
मग मूठ, मग कमरेवर टोपली.
गास्पारची आई अशीच ऑलिव्ह काढायची.
ओसाकाच्या स्टेडियमात, म्हणे, चाळीस हजार माणसं
एकदम ऑलिव्ह तोडत होती,
झाड एकही नाही.
जहाजांवर, लग्नांत, कुठलासा मंत्री टाय सैल करून.
त्यांच्याही काखा उसवल्या असतील.
मला कोणी पत्र नाही पाठवलं.

मी कळी घातली. त्याच कापडाची, तिरकी,
तळहाताएवढी, न दिसणारी.
पुन्हा टाका तुटला नाही.
मुलाखतीत दोघं म्हणायचे, देवाची कृपा.

एक फुगत गेला, एक आटत.
भांडले एकदाच, पैशांवरून नव्हे,
डावीकडे कोण उभं राहणार यावरून.
तीन महिने वेगवेगळ्या वारी यायचे,
आणि दोघंही विचारायचे,
"त्याचं शिवून झालं का?"
डावी बाजू गास्पारला मिळाली.

माणसं अडचणीत हात वर करतात,
हे दोघं पोटासाठी करत आले.
या वर्षी गास्पार सुनेला धरून आला.
"उजव्या काखेत कळी नको," म्हणाला,
"उगाच कापड वाया."
मापासाठी मी तो हात उचलला.
ओल्या टॉवेलसारखा.

संध्याकाळी कासिमिरो.
"त्यानं काय सांगितलं?"
सांगितलं.
पंख्यासमोर बराच वेळ उभा राहिला,
घाम वाळेपर्यंत, की दुसरं काही.
"मग माझ्या डाव्या काखेत मोठी घाल," म्हणाला,
"दोन हातांचं वजन येणार आहे."

तो गेल्यावर मी दिवा लावला
आणि गास्पारच्या उजव्या काखेचीही कळी कापली.
हात कोणी का उचलेना,
काख तर उघडणारच.