अठ्ठ्याऐंशीवा ठिपका

निपाणीच्या दोनशे बारा बायका,
आलेखावर दोनशे बारा ठिपके.
आडव्या रेघेवर दिवसाच्या विड्या,
उभ्या रेघेवर रात्रीची झोप.
ठिपके उतरत गेले
कलत्या सुपातून तंबाखू घरंगळावी तसे,
आणि आकडा आला:
उणे शून्य पूर्णांक एकसष्ट.

बेळगावला केरूर सर म्हणाले, छान.
पण 'मुळे' हा शब्द कुठे लिहू नकोस.
विड्यांमुळे झोप गेली,
की झोप नाही म्हणून उठून विड्या वळतात,
की तिसरंच काही,
खोकला, नवरा, बचतगटाचा हप्ता,
मागून दोन्हींना ढकलतंय,
रेघेला एवढं दिसत नाही.
मी प्रबंधातले 'मुळे' खोडत बसले.
एकोणीस निघाले.

राहिला अठ्ठ्याऐंशी.
अकराशे विड्या, साडेआठ तास झोप.
गर्दीपासून लांब, वर, एकटाच.
काढला तर आकडा आणखी देखणा होतो.
सर म्हणाले, काढायच्या आधी भेटून ये.

मालन शिंत्रे.
भिजवलेली पानं फडक्यात, सूप मांडीवर.
"बस की. काय इचारालीस ते इचार,
हात थांबायचा न्हाई."
चार महिने दर गुरुवारी गेले.
ती मोजते कानडीत, चिडते मराठीत,
पंचविसाचा कट्टा बांधताना
कुठल्याच भाषेत नसते.
धाकटी बहीण कागलला दिलेली,
दूधगंगेपलीकडे, दुसऱ्या राज्यात.
रात्री दहाला फोन लागतो.
दोघी बोलत नाहीत.
तिकडे कात्री, इकडे कात्री,
मग तिकडून नुसता श्वास.

फोनमुळे झोप लागते का, मावशी?
(आलाच परत.)
"झोप आली की फोन लावतो बघ मी."
विडीचं तोंड नखानं मुडपलं.
"न्हाईतर... काय म्हाईत.
दोन्ही एकदमच येतंय."

संमतीपत्रावर अंगठा नको म्हणाली, सही केली.
तुमचं नाव बदलावं लागेल, मी सांगितलं.
तिनं डब्यातून रेशनकार्ड काढलं.
कानडीत, कुणाच्या तरी घाईत: मल्लव्वा.
"हेच लिव. बदलूनच दिलंय सरकारनं.
ह्या बाईला मी अजून भेटल्याली न्हाई."

प्रकरण पाचवं. मल्लव्वा, वय त्रेपन्न.
एकीवरून सगळ्यांचं सांगता येत नाही,
पहिल्या वाक्यातच लिहून टाकलं.
पुढे सदतीस पानं तिचीच आहेत.
आकडा एकसष्टच ठेवला.