वजनकाटा, इंजेनिएरो व्हाइट बंदर

पहाटे साडेपाचला पहिला ट्रक काट्यावर चढतो.
मी खिडकीतून हात वर करते: थांब.
आकडा थरथरतो, स्थिरावतो.
भरून किती, रिकामा किती,
मधला फरक म्हणजे गहू.
बावीस वर्षं मी एवढंच करते,
दुसऱ्यांचे फरक लिहिते.

माझा फरक एकतीस किलो.
तो कमावला तेव्हा अख्खं बंदर साक्षीला होतं.
ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे,
एउसेबियो तर केबिनमधून अर्धा बाहेर लोंबकळून ओरडायचा,
"बाई, पुढच्या खेपेला उरशील ना?"
मिर्तानं माझी जुनी पँट शेजारणींना बोलावून दाखवली:
दोघी बहिणी आत,
एकेका पायात एक.

त्याला चार वर्षं झाली.
आता कुणी काही म्हणत नाही.
नव्या पोरांना वाटतं, मी अशीच जन्मले.
उतरणाऱ्याला टाळ्या मिळतात,
उतरून तिथंच उभं राहिलेल्याला
लोक विचारतात, बस कितीची आहे.

घरी न्हाणीघरात छोटा काटा आहे.
सोमवारी आणि गुरुवारी. अनवाणी. सकाळच्या माते-चहाआधी.
एकाहत्तर. बहात्तर पॉइंट चार. एकाहत्तर.
जूनमध्ये दक्षिणेचा वारा सुटला की त्र्याहत्तर.
वहीत लिहिते, ऑफिसातल्या त्याच अक्षरात,
फक्त इथं सही कुणाची घ्यायची ते कळत नाही.

पहिल्या वर्षी चारशे ग्रॅम वाढले तरी रडायचे.
मग लक्षात आलं, रिकामा ट्रकसुद्धा
रोज सारखा भरत नाही.
टायरला चिखल, ताडपत्रीत पाऊस,
टाकीत डिझेल, सीटखाली कुणाचं तरी कुत्रं.
ट्रकवर मी कधी रागावले नव्हते.
स्वतःवर न रागावायला
दोन हिवाळे लागले.

रविवारी मिर्ताच्या अंगणात आसादो.
मेहुणा निखाऱ्यावरची चरबीची कड
मुद्दाम माझ्या ताटाकडं वळवतो,
"आता काय, तू जिंकलीस. खा."
मी एक तुकडा घेते. चांगला लागतो.
दुसऱ्याला नाही म्हणते. तोही चांगलाच लागला असता.

त्याला कसं सांगू,
भूक येते ती पाहुणी म्हणून नाही,
घराची किल्ली अजून तिच्याकडंच आहे.
रात्री येते, आईचा आवाज घेऊन,
आटवलेल्या दुधाची बरणी, उभ्याउभ्या,
फ्रीजच्या उजेडात.
कधी मी उठून जाते.
कधी नुसती कुलपातली खुडबुड ऐकत पडून राहते.
मार्चमध्ये सलग नऊ रात्री उठले होते.
दहाव्या सकाळी काट्यावर उभी राहिले.
ते अवघड होतं,
एकतीस उतरवण्याहून अवघड.

काल रात्री शेवटचा ट्रक गेल्यावर
मी बूट काढले
आणि मोठ्या काट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.
ऐंशी टन पेलणारं लोखंड.
हा काटा वीस-वीस किलोंनीच मोजतो.
सत्तरच्या जरा वर, की ऐंशी.
जरा खाली, की साठ.
मी जिथं राहते
ती जागा त्याच्याकडं नाहीच.
लांबून खिडकीतल्या पडद्यावर दिसलं: ऐंशी.
वारा आला. साठ.
पुन्हा ऐंशी.

मी हसले, एकटीच, मोज्यांवर, गव्हाच्या धुळीत.
मग बूट घातले, दिवा मालवला
आणि घरी चालत निघाले.
व्यायाम म्हणून नव्हे.
शेवटची बस गेली होती.