लांबी

लतीफ मिस्त्री भवानी पेठेतून आले ते हात हलवत,
ना जॅक, ना पाना.
म्हणाले, "ताई, घरात लोहचुंबक आहे?"
फ्रिजवरची स्ट्रॉबेरी काढून दिली,
महाबळेश्वरहून कुणीतरी आणलेली, एक पान तुटलेली.

बॉनेटवर टेकवली, चिकटली.
छतावर चिकटली.
डिकीवर जरा घसरली, मग धरून राहिली.
डाव्या दारावर ठेवली
आणि टपकन फरशीवर पडली.
"इथं लोखंड नाही. लांबी आहे.
बोटभर जाड. कुणीतरी मन लावून भरलीय."

हेराल्ड. अठ्ठ्याहत्तर साली, सेकंडहँड,
अकरा हजारांत, तिघींत मिळून.
बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी सुटायची दोनला.
तेव्हा रिक्षा मिळायची नाही,
मिळाली तर रिक्षावाला नको वाटायचा.
म्हणून नलू, थ्रिटी आणि मी.
एकेक आठवडा एकेकीकडे गाडी,
जिच्याकडे गाडी तिनं बाकी दोघींना दारापर्यंत सोडायचं,
वरच्या मजल्यावर दिवा लागेपर्यंत थांबायचं.

डॅशबोर्डच्या कप्प्यात वही अजून आहे.
किती किलोमीटर, किती पेट्रोल, कुणी भरलं.
अक्षर सगळं माझं.
कात्रज चढताना उकळलेलं पाणी त्यात आहे,
दोन रुपयांचं पंक्चर आहे,
थ्रिटीच्या बहिणीच्या लग्नाला दिलेले तीन दिवस आहेत,
वर लाल शाईत: पेट्रोल येणे बाकी.
डावं दार कुठंच नाही.

मिस्त्री गाडीखाली आडवे झाले.
स्क्रूड्रायव्हर चासीत गेला,
चहात बुडवलेल्या खारीत जावा तसा.
"फ्लोअर गेलाय. इंजिन मात्र जाम नाही, नशीब."
साडेतीन लाख.
"आणि सगळं करून विकली तर?"
"दोन. कुणी वेडा भेटला तर सव्वादोन."

भाचा म्हणतो, मावशी, किलोवर जाईल, उद्याच माणूस पाठवतो.
सोसायटी म्हणते, पुनर्विकास,
एकतीस तारखेच्या आत पार्किंग रिकामं.
पासबुक उघडलं, मिटलं.
एका गुडघ्याला डॉक्टरांनी जवळपास एवढेच सांगितलेत.
त्यांनी निदान चुंबक तरी लावून पाहायचं.

रात्री नलूला धायरीला फोन केला.
"डावं दार," एवढंच म्हटलं.
पलीकडे काही नाही.
पण लाइन मेलेली कुठली
आणि माणूस गप्प आहे ती कुठली,
हे आमच्या कानांना कळतं,
तीस वर्षं हेडफोन घातलेले कान आहेत.
मी थांबले.

"दिवे घाट," ती म्हणाली. "ऐंशी साल.
मी चालवत होते. कठड्याला घासली.
थ्रिटीनं बांगडी मोडली,
दोन दिवसांत रंग वाळवून तुझ्या दारात उभी केली."
"मला सांगितलं का नाही?"
"तुला सांगितलं असतं तर तू वहीत लिहिलं असतंस."

लिहिलंच असतं.
लाल शाईत.

थ्रिटीला जाऊन सहा वर्षं झाली.
शेवटच्या भेटीत तिनं विचारलं होतं,
गाडी आहे ना गं अजून?
आणि मी सांगत बसले होते
विम्याचा हप्ता कसा उगाच जातो ते.

सकाळी मिस्त्रींना म्हटलं, घेऊन जा.
फ्लोअर करा आधी. पुढचं पुढं पाहू,
कदाचित पाहणारही नाही, पैसे तेवढेच आहेत.
डाव्या दाराला हात लावू नका.
"ताई, लांबी पाणी धरते. एक दिवस गळून पडेल."
पडू दे की.
"मग साडेतीन लाखांत बसत नाही ते,
दार मी त्यात धरलं होतं."
मग कमी करा.

क्रेन आली, अर्धा तास उशिरा.
चेअरमन गॅलरीतून बघत होते.
पार्किंगमध्ये उरला तेलाचा डाग
आणि एक तुटकं प्लास्टिकचं पान.

वहीत तारीख घातली.
फ्लोअर, ॲडव्हान्स वीस हजार. भरले: मी.
दाराचं काही लिहिलं नाही.