एक वाटी बोअरचं

अगदी शुद्ध पाण्यात कॉफी आंबट होते
हे मला साठाव्या वर्षी कळलं.
त्याआधी सदतीस वर्षं
महापालिकेच्या प्रयोगशाळेत गंगा तपासत होते.
गोदावरी फक्त अहवालाच्या मथळ्यावर,
बोलताना आम्हा नाशिककरांची गंगाच.

आरओचं पाणी मीटरवर अठरा.
त्यात चिकमगळूरची ताजी पूड टाकली
तर कॉफीला कळेना कशाला धरून उभं राहायचं.
आंबट तोंड करून बसली कपात.

बोअरचं सहाशे चाळीस.
पाथर्डी फाट्याला आमच्या इमारतीखाली
दोनशे फूट नुसता काळा पाषाण,
तो थोडा थोडा वर येतो, किटलीच्या बुडाशी
पांढऱ्या खपल्या होऊन बसतो.
त्या पाण्यात कॉफी गप्पच झाली.
ओल्या पाटीवर खडू फिरवावा, तशी.

नळाचं सकाळी सहा ते सात.
त्यात क्लोरीन,
ज्याच्या मात्रेखाली एके काळी माझीच सही असायची.
पातेलं रात्रभर उघडं ठेवलं की उडून जातो,
निरोपसमारंभानंतरच्या माणसासारखा.
तांब्याच्या कळशीतही ठेवून पाहिलं.
कळशी छान दिसते.

एवढा खटाटोप एकटीच्या कपासाठी
कुणी करत नाही.

झरीना अत्तार माझ्या शेजारच्या टेबलावर होती.
ब्युरेट धरली की तिचा हात हलायचा नाही.
बाटली नाकाशी नेऊन सांगायची,
हे टाकीत दोन दिवस मुरलेलं,
हे गळक्या पाइपातलं, मातीतून आलेलं.
पुस्तकात लिहिलंय पाण्याला चव नसते, मी म्हणायचे.
पुस्तक तहानलेलं नसेल कधी, ती म्हणायची.

त्या साथीतल्या तापात तिचा वास गेला.
परत येईल म्हणाले. आला नाही.
फोडणी करपली तर आता
डोळे चुरचुरल्यावर कळतं तिला.
आडनाव परत करावं लागेल, म्हणते,
आणि आपणच हसते, आपल्याला हसायला लागू नये म्हणून.

गुरुवारी येते, द्वारकेला बस बदलून.
पहिल्या गुरुवारी आरओची कॉफी दिली.
'गरम आहे,' म्हणाली.
दुसऱ्या गुरुवारी रात्रभर निवलेल्या नळाची.
'हीपण गरम आहे.'
मला वाईट वाटू नये म्हणून
दोन्ही वेळा कप पूर्ण संपवला.

मग मी हिशेब मांडला, जुन्या वहीच्या मागच्या पानावर.
चार वाट्या आरओ, एक वाटी बोअर.
मीटरवर एकशे बेचाळीस.
कॉफी पहिल्यांदा नीट बोलली माझ्याशी.
तिच्यासाठी करून दिली तेव्हा
झरीना धाकट्या मुलीच्या सासरचं सांगत होती,
कप हातात तसाच, मध्येच एक घोट, पुन्हा सासर.

चौथ्या गुरुवारी तिचं सासरपुराण ऐकता ऐकता
माझं मोजमाप चुकलं.
एकाऐवजी दोन वाट्या पडल्या बोअरच्या.
कळलं तेव्हा किटली उकळत होती.
म्हटलं जाऊ दे, तिला काय.

हे 'तिला काय' मी मनात म्हटलं होतं,
तरी आता लिहिताना पेन अडखळतं.

तिनं घोट घेतला.
बोलता बोलता थांबली.
जीभ टाळूला लावली, सोडली,
पुन्हा लावली.
नमुना आल्यावर जशी बसायची तशी
खुर्चीत सरळ झाली.
'यात दगड आहे,' म्हणाली.
आणि थोड्या वेळानं, कपाकडे न बघता,
'दोनशेच्या वर असेल.'

वास नाकाचा.
दगड जिभेचा असतो बहुतेक.
तो तापाला सापडला नसावा.

मीटर ओट्यावर होतं, हाताच्या अंतरावर.
सदतीस वर्षांची सवय, पडताळल्याशिवाय सही करायची नाही.
मी ते उचललं
आणि चमच्यांच्या खणात टाकलं.

'दुसरा करू?'

'कर,' म्हणाली, 'पण बोअरचं
एकच वाटी घाल.'