पंखा नंबर दोन

अकराव्या टक्क्याला घरघर सुरू झाली,
बत्तिसाव्याला थांबली,
आणि थांबली तेव्हाच मी घाबरले.
पडद्यावर आकडा : त्र्याण्णव अंश.
मग काळोख.
बिल्डरचा बंगला, त्याची काचेची गच्ची,
गच्चीपलीकडे दोन दिवस खपून मी घडवलेला समुद्र,
सगळं एका वीतभर कार्डात गुदमरलं.

ऑक्टोबर. हर्णै. बंदरावरून सुकटीचा वास,
खिडकीच्या गजांना हात लावावा तर बोटं चिकटतात.
कार्ड आठ वर्षांचं, चिपळूणच्या गेमिंग कॅफेनं
बंद पडताना निम्म्या किमतीत विकलेलं.
दोन पंखे त्याला, नऊ-नऊ पात्यांचे.
एक फिरतोय. दुसरा
बोटानं ढकलला तर अर्धा वेढा घेतो
आणि रेड्यासारखा उभा राहतो.

मधला स्टिकर नखानं उचलून
शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला.
चार दिवस चालला.
पाचव्या दिवशी पुन्हा रेडा.

इद्रिस होडेकर ट्रॉलरवरचे फिशफाइंडर दुरुस्त करतो.
त्यानं पंखा नाकाशी नेला,
हलवा ताजा आहे का बघावं तसा.
"मिठान खाल्लान याला, ताई.
मोटर शाबूत हाय. बेरिंग गेला."
आणि खिडकीकडे बघून हसला,
जिच्यासाठी मी या खोलीचं भाडं
पाचशे जास्त देते.

नवा पंखा दिल्लीहून. अकरा दिवस.
तोवर डबा उघडा टाकून
त्याच्यावर टेबलफॅन रोखून ठेवला,
आणि बिल्डरला फोनवर सांगत राहिले : लाइट नाही.
ही थाप इकडे कुणालाही पटते.

पार्सल आलं तेव्हा इद्रिसच हजर,
हाताला रॉकेलचा वास.
करवंटीत स्क्रू : चार स्प्रिंगवाले, सहा बारके,
एक उडाला तो चटईखाली, लोहचुंबकानं शोधला.
पत्र्यांच्या फटीतून निघालं ते
तांबडी धूळ, मांजराचे केस,
सुरूची एक सुई, आणि एक मुंगळा,
उबेला आला असेल बिचारा.
चिपवरची जुनी पेस्ट खडूसारखी वाळलेली.
स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली
तर खाली आरसा, त्यात माझं नाक.
"नवी किती लावायची?"
"तांदळाच्या दाण्याएवढी."
"कुठला तांदूळ? उकडा?"
"उकडा चालेल."

मग कळलं, वायर दोन बोटं आखूड.
आणि जुन्याच्या तारा चार रंगांच्या,
नव्याच्या चारही काळ्या.
इद्रिस बराच वेळ काही बोलला नाही.
खाचेकडून एक, दोन, तीन, चार असं
ओठांतल्या ओठांत मोजलंन,
मीटर लावलंन, पुन्हा मोजलंन,
मग कुठल्याशा फिशफाइंडरच्या केबलचा तुकडा
मध्ये डाग देऊन जोडलंन.
पाण्याखालचे मासे दाखवून झालेली तार ती.

बटण दाबलं.
पहिला पंखा निघाला.
दुसरा नाही.
मी इद्रिसकडे, इद्रिस पंख्याकडे.
कार्ड तापल्याशिवाय तो उठतच नाही
हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं,
तरी दोघंही श्वास धरून बसलो.
साठ अंशांवर
जराशी थरथर, आणि मग पाती दिसेनाशी झाली.

एकाहत्तर. एकाहत्तर. एकाहत्तर.

पहाटे चित्र पुरं झालं.
पैसे घ्यायला इद्रिस तयार नव्हता,
चहा पीत पडद्यावरचा समुद्र बघत राहिला,
निळा, घासूनपुसून ठेवलेला.
"एवढा दर्या, नि होडी कशी नाय?"
मग मी एक होडी ठेवली, अगदी लांब,
डोल मोडलेली, नंबर न टाकलेली.

संध्याकाळी बिल्डरचा फोन :
छान झालंय, मॅडम, फक्त
ती होडी तेवढी काढा.
म्हटलं, काढते,
पण लाइट नाही.